वारणेचा काठ व सिंधूचा काठ
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने मंदिराच्या बांधकामाची हकीकत सांगावी, देणगीदारांचे आभार मानावे आणि भोजनाची घंटा होण्यापूर्वी श्रोत्यांस मोकळे करावे, अशी सर्वत्र रीत आहे. ती कामे आमच्या चिटणीसांनी माझ्यापेक्षा अधिक नेटकेपणाने उरकली आहेत. मजकडे मंडळाने वेगळाच विषय सोपविला. परस्परांशी वैर धरून राहिलेल्या दोन शेजारी राष्ट्रांमध्ये शांततेने बोलणे होण्याचा संभव कितपत आहे, असा तो विषय. भारत व पाकिस्तान ही नावे मंडळाने कागदावर लिहिली नव्हती. परंतु लिहिण्याची आवश्यकता तरी कोठे होती!

कोणी म्हणेल, खंडाळ्यास बसून या विषयाची उठाठेव कशासाठी? (आणि खंडाळा म्हणजे लोणावळ्याजवळचे थंड हवेचे ठिकाण नव्हे, बाहेरगावच्या दोघा पाहुण्यांनी आज सकाळीही तो घोटाळा केला असे ऐकतो. आमचे खंडाळे खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे.) उत्तर सोपे आहे. सातारा जिल्हा हा शिपायांचा जिल्हा. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' या नावानेच ओळखले जाते. आमच्या रस्त्याने पुण्याकडे जाणाऱ्या एस.टी.त, सुटी संपवून पलटणीत परत निघालेला एखादा जवान नाही असा दिवस विरळा. दिल्लीस व इस्लामाबादेस जे शब्द बोलले जातात, किंवा बोलावयाचे टाळले जातात, त्यांची किंमत शेवटी अशाच गावांत चुकती होते. तेव्हा हा विषय आमचा नाही असे म्हणण्याची मुभा आम्हांस नाही.

शिवाय वैरी शेजारी ही गोष्ट आमच्या मुलखास नवी नाही. तीनशे वर्षांमागे साताऱ्यास एक गादी होती व पन्हाळ्यास दुसरी. एकीवर शाहू छत्रपती, दुसरीवर संभाजीराजे. दोघेही शिवछत्रपतींचे नातू, एकमेकांचे चुलत बंधू. आणि दोघांमध्ये असे हाडवैर की, संभाजीराजांनी शाहूंविरुद्ध निजामाचा हात धरण्यासही कमी केले नाही. दोन दरबारांतील या वितुष्टावर मधल्या माणसांचे चांगले पोट भरत असे. बत्तीस शिराळ्याचा उदाजी चव्हाण हा त्यांतलाच. आज इकडे, उद्या तिकडे. ज्याचा मुलूख हाताशी येईल तो लुटावा आणि दुसऱ्याच्या आश्रयास जावे, असा त्याचा क्रम. सन १७३० मध्ये वारणेच्या परिसरात सातारकरांच्या फौजेने संभाजीराजांचा मोड केला. ते पन्हाळ्यास निघून गेले. त्यांच्या कुटुंबातील स्त्रिया विजेत्यांच्या हाती सापडल्या. आता येथे काय झाले ते पाहा. शाहू छत्रपतींनी त्या स्त्रियांस सन्मानाने परत पाठविले. ताराबाईंनी मात्र साताऱ्यासच राहणे पत्करले, आणि त्या राहण्यापासून पुढे साताऱ्यास किती ताप झाला ती कथा निराळी.

तदनंतर १७३१ च्या फेब्रुवारीत कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथे दोघे बंधू समारंभाने भेटले, आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. या तहातील समारंभाचा भाग बखरकारांनी रंगवून सांगितला आहे. तो मी सोडून देतो. मला महत्त्वाची वाटतात ती त्याची रुक्ष कलमे. वारणेच्या दक्षिणेकडचा मुलूख संभाजीराजांचा. तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जो नवा मुलूख मिळेल तो दोघांनी निम्मानिम वाटून घ्यावा. आणि एक कलम असे की, तुमच्याकडून निघालेला चाकर आम्ही ठेवू नये व आमच्याकडून निघालेला तुम्ही ठेवू नये. उदाजीसारख्यांची वाट ज्या कलमाने अडावी ते हे कलम. दोघा बंधूंच्या मनांतील किल्मिष एका भेटीने धुऊन गेले असेल असे मला वाटत नाही. मनुष्यस्वभाव इतका स्वस्त नाही. परंतु हद्द नदीवर ठरली आणि ती टिकली. आजही वारणा हीच सांगली व कोल्हापूर या दोन जिल्ह्यांची सीमा आहे, आणि तीवरील पुलावरून उसाच्या गाड्या दोहोंकडे बिनदिक्कत जातात.

ही उपमा भारत-पाकिस्तानास पुरी लागू पडत नाही, हे मी जाणतो. वारणेच्या दोन्ही तीरांवर भाषा एक, देव एक, पूर्वज एक. आणि एक पक्ष उघडच प्रबळ. सिंधूच्या बाबतीत धर्माच्या नावाने फाळणी झाली, लक्षावधी माणसे मारली गेली, आणि आज तर दोहोंकडे अण्वस्त्रे आहेत. पण ते आमचे कोणी नव्हते, हे म्हणणेही खरे नाही. सिंध प्रांत १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होता. कराचीतील एका जुन्या सरकारी शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव दिलेले असून ते अद्याप चालू आहे. आमच्या ख्रिस्तसभेपुरते बोलावयाचे तर, कराचीचे श्रद्धावंत १९४८ पर्यंत मुंबईच्या महाधर्मप्रांतातच मोडत. त्या वर्षीच्या २० मे रोजी कराचीचा धर्मप्रांत वेगळा झाला. तेथील माजी महागुरुस्वामी जोसेफ कुट्स, ज्यांस २०१८ मध्ये कार्डिनलपद मिळाले, त्यांचा जन्म अमृतसरचा. एका घराची वाटणी होऊन मधली भिंत उभी राहावी आणि भिंतीपलीकडच्या चुलीचा धूर मात्र इकडे येत राहावा, तशी ही स्थिती आहे.

आता बोलण्याचा संभव किती, या मूळ प्रश्नाकडे वळतो. आजवर बोलणे झालेच नाही, असे नाही. उलट मोठ्या भेटी पुष्कळ झाल्या, आणि बहुतेकांचा शेवट पाहिला म्हणजे मन खिन्न होते. त्यांतल्या एका मोठ्या भेटीशी आमच्या भागाचा जवळचा संबंध आहे. तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडणाऱ्या देवराष्ट्रे गावी १९१३ साली जन्मलेले यशवंतराव चव्हाण हे १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारताचे संरक्षणमंत्री होते. पुढच्या जानेवारीत ताश्कंदला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री व अध्यक्ष अयूबखान यांची बोलणी सोविएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीने झाली, तेव्हा यशवंतराव शास्त्रीजींबरोबर होते. १० जानेवारी १९६६ रोजी घोषणापत्रावर सह्या झाल्या. उभय सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परत जावे, हे त्यांतले मुख्य कलम. त्यायोगे जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड परत द्यावी लागली. देशात पुष्कळांस ते रुचले नाही. त्याच रात्री शास्त्रीजींचे देहावसान झाले. ज्या मंत्र्याने सैन्यास लढावयास धाडले, त्यानेच माघारीच्या कागदाशेजारी उभे राहावे, आणि पहाटे आपल्या पंतप्रधानांचे निष्प्राण शरीर पाहावे, यापेक्षा कठीण प्रसंग राजकारणी पुरुषावर कोणता येणार? कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी जाणारी आमच्या शाळांची सहल हा प्रसंग सहसा ऐकत नाही. ऐकावयास हवा.

ताश्कंदच्या कागदात असेही लिहिले होते की, दोन्ही राष्ट्रांनी वरिष्ठ पातळीवर भेटत राहावे. त्याच मार्चात रावळपिंडीस मंत्र्यांची एक भेट झाली, निष्पन्न काही झाले नाही, आणि तो क्रम तेथेच खुंटला. १९७१ मध्ये पुन्हा युद्ध. १९७२ च्या जुलैत सिमल्याचा करार. १९९९ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान वाजपेयी बसमधून लाहोरला गेले. मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर तोफा गर्जू लागल्या. २००१ च्या जुलैत आग्र्याची भेट निष्फळ झाली व डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला. मग बोलणी पुन्हा सुरू होऊन काही वर्षे बरी चालली, तो २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत १६६ माणसांचे प्राण घेणारा हल्ला झाला. २०१५ च्या नाताळाच्या दिवशी पंतप्रधान मोदी अचानक लाहोरास उतरले. आठवडाभरात पठाणकोट झाले.

ही यादी वाचून बहुतेक लोक असा निष्कर्ष काढतात की, बोलणे व्यर्थ आहे. मला तीतून दुसरेच काही दिसते. ज्यांस समेट नको आहे, त्यांस मोठी भेट म्हणजे आयतीच संधी. हस्तांदोलनाचे छायाचित्र जितके मोठे, तितका त्यावर डाग पाडण्याचा मोह अधिक. दोन पुढाऱ्यांच्या आलिंगनावर शांततेचा सारा भार टाकला की एका रात्रीत दहा बंदूकधारी तो कोलमडून पाडू शकतात. परंतु ज्या बोलण्याचे छायाचित्रच कोणी घेत नाही, ते बोलणे मोडावे असे कोणाच्या मनात यावे कसे?

असे बोलणे चालू आहे, हे आपणांपैकी कितीजणांस ठाऊक असेल कोण जाणे. १९८८ च्या अखेरीस दोन्ही देशांनी एक करार केला की, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करावयाचा नाही; आणि त्यासाठी दर १ जानेवारीस आपापल्या केंद्रांची यादी परस्परांस द्यावयाची. १९९२ पासून ही अदलाबदल एकही वर्ष चुकलेली नाही. कारगिलनंतर झाली, मुंबईवरील हल्ल्यानंतर झाली, २०२५ च्या मे महिन्यातील चकमकींनंतरच्या जानेवारीतही झाली. त्याचप्रमाणे दोन सैन्यांच्या कार्यवाही-प्रमुखांमध्ये थेट दूरध्वनी आहे. १० मे २०२५ रोजी, चार दिवस क्षेपणास्त्रे व तोफा चालल्यानंतर, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या अधिकाऱ्याने त्याच दूरध्वनीवरून आमच्या अधिकाऱ्यास गाठले आणि सायंकाळी ५ पासून गोळीबार थांबविण्याचे ठरले. यापूर्वी २०२१ च्या फेब्रुवारीत याच दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त निवेदनाने नियंत्रणरेषेवरचा गोळीबार आटोक्यात आला होता. त्याआधीच्या एका वर्षात, २०२० साली, शस्त्रसंधीचा भंग पाच हजारांहून अधिक वेळा झाल्याची आमच्या सरकारची नोंद आहे. आमच्या एका भगिनीचा मुलगा त्या सुमारास रेषेवर होता. ती मला म्हणाली, "फादर, आता तो फोनवर हवापाण्याचं बोलायला लागलाय." राजनीतीच्या भाषेत याहून चांगले वर्णन मला कोणी सांगितलेले नाही.

या ठिकाणी मी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. माझ्या पूर्वीच्या एका कार्यक्षेत्रात दोन भाऊ होते. बांधावरून तंटा लागला, कोर्टकचेरी झाली, एकमेकांच्या लग्नकार्यास जाणे बंद पडले. अकरा वर्षे तोंडास तोंड नाही. परंतु विहीर सामाईक होती. वाटणीपत्रात पाळी ठरलेली : चार दिवस थोरल्याचे, चार दिवस धाकट्याचे. पाळी संपली की ज्याची असेल त्याने मोटारीच्या खोलीची किल्ली कडुनिंबास ठोकलेल्या खिळ्यावर अडकवावयाची. दुसऱ्याने ती काढून घ्यावयाची. अकरा वर्षांत ती किल्ली एकदाही उशिरा लटकली नाही. मी नवा होतो. दोघांस एकत्र बसवून समेट करण्याचा उत्साह मला फार. तेव्हा थोरल्याची कारभारीण मला म्हणाली, "फादर, त्यांना बसवू नका. बसले तर किल्ली पण बंद व्हायची." आज दोघेही हयात नाहीत. समेट झाला असे मी सांगणार नाही, कारण तो झाला नाही. पण कोणाचा ऊस वाळला नाही, आणि किल्ली आणावयास-ठेवावयास जी पोरे धावत, ती पुढे एकमेकांशी बोलू लागली.

सिंधूचे पाणी ही भारत-पाकिस्तानांमधील अशीच किल्ली होती. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीस पंडित नेहरू व अयूबखान यांनी सिंधु-जल-करारावर सह्या केल्या. जागतिक बँक मध्यस्थ होती. पूर्वेच्या रावी, बिआस व सतलज भारताच्या. पश्चिमेच्या सिंधू, झेलम व चिनाब मुख्यत्वे पाकिस्तानच्या. दोन्ही देशांनी एकेक आयुक्त नेमावा व दोघांनी निदान वर्षातून एकदा भेटावे असे ठरले. वीर धरणाच्या व धोम-बलकवडीच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे, त्यांस पाटाची पाळी म्हणजे काय ते मी सांगावयास नको. १९६५ चे युद्ध झाले, १९७१ चे झाले, कारगिल झाले. आयुक्त भेटत राहिले, आकडे देत-घेत राहिले. २०२२ च्या मे महिन्यात दिल्लीस त्यांची ११८ वी बैठक झाली. तीस वर्तमानपत्रांनी किती जागा दिली असेल त्याची कल्पना आपणांस आहेच.

मग २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसांस ठार मारण्यात आले. त्यांत सहाजण आपल्या महाराष्ट्राचे, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. कुटुंबांसह सहलीस गेलेली माणसे. नाव व धर्म विचारून मारली. दुसऱ्याच दिवशी भारत सरकारने सिंधु-जल-करार स्थगित ठेवला, अटारीची ये-जा बंद केली. ७ मे पासून शस्त्रे चालली. त्याच दिवशी कर्तारपूरचा मार्गही, जो २०१९ च्या नोव्हेंबरात शीख यात्रेकरूंसाठी मोठ्या आनंदाने उघडला होता, आमच्या बाजूने बंद झाला.

आता माझ्यापुढे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या ओठांवर प्रश्न असेल. निवृत्त सुभेदारसाहेब पहिल्या रांगेत आहेत. त्यांनी तो मला सकाळीच विचारला. ज्यांच्या भूमीवरून मारेकरी येतात त्यांच्याशी बोलावयाचे तरी काय? या प्रश्नास धर्मगुरूने गुळगुळीत उत्तर देऊ नये. खुनाचे शासन झालेच पाहिजे. प्रजेचे रक्षण हे राज्यकर्त्याचे पहिले कर्तव्य आहे. त्यात कुचराई करणारा राजा शांतताप्रिय ठरत नाही, दुर्बल ठरतो. क्षमेचा उपदेश ज्याचे माणूस गेले त्याच्या वतीने तिसऱ्याने परस्पर करू नये, हेही मला वाटते. परंतु बोलणे म्हणजे क्षमा नव्हे. वारणेच्या तहातले चाकरांचे कलम आठवा. ते प्रेमापोटी आलेले नव्हते. एकाच्या अपराध्यास दुसऱ्याने पोसू नये ही त्यात रोखठोक अट होती. ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबादेत जनरल मुशर्रफ यांनी लेखी आश्वासन दिले होते की, आपल्या ताब्यातील कोणतीही भूमी दहशतवादास वापरू दिली जाणार नाही. ते पाळले गेले नाही, हे उघड आहे. पण त्या न पाळण्याचा जाब विचारावयाचा तो कोठे, कोणास, कोणत्या दिवशी? तेथे टेबल हवे. ज्याचा विश्वास नाही त्याच्याशी तर बोलणे अधिकच बारकाईने, कागदावर, साक्षीदारांसमक्ष करावे लागते. मित्राशी काय, खुणेनेही भागते.

प्रभूने सांगितलेली ती दोन राजांची गोष्ट आपण संत लूकच्या शुभवर्तमानात दरवर्षी ऐकतो. एक राजा दुसऱ्यावर चाल करून जाण्यापूर्वी बसून हिशेब करतो की, आपल्या दहा हजारांनिशी त्याच्या वीस हजारांस तोंड देता येईल काय. आणि ते जमणारे नसेल तर दुसरा अद्याप दूर आहे तोच त्याच्याकडे वकील पाठवून सलोख्याची बोलणी लावतो. सेमिनरीत आम्ही हा दृष्टान्त शिष्यत्वाच्या संदर्भात शिकलो, आणि तो त्याच संदर्भातला आहे. तरीपण मला त्यातील 'अद्याप दूर आहे तोच' हा भाग पुनःपुन्हा आठवतो. दहा व वीस हजारांची गोष्ट ती. आज दोहोंकडे जी शस्त्रे आहेत त्यांपुढे कोणता राजा कोणता हिशेब मांडणार?

आणि ख्रिस्ती राष्ट्रे या बाबतीत शहाणी आहेत, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. अर्जेंटिना व चिली हे दक्षिण अमेरिकेतील दोन शेजारी देश, दोन्ही कॅथलिक. १९०४ साली अँडीज पर्वताच्या खिंडीत, सरहद्दीवर, त्यांनी मैत्रीचे चिन्ह म्हणून प्रभू ख्रिस्ताचा भव्य पुतळा उभारला. पुतळा अजून उभा आहे. पण १९७८ च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर, हेच दोन देश बीगल सामुद्रधुनीच्या मुखाशी असलेल्या तीन बेटांवरून युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. आधी लवादाचा निकाल चिलीच्या बाजूने लागला होता, तो अर्जेंटिनाने झिडकारला. फौजा निघाल्या होत्या. तेव्हा पोप दुसरे जॉन पॉल, ज्यांस पदावर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, त्यांनी कार्डिनल सामोरे या वयोवृद्ध मुत्सद्द्यास तिकडे धाडले. ८ जानेवारी १९७९ रोजी दोन्ही पक्षांनी मॉन्टेव्हिडिओ येथे बळाचा वापर न करण्याचे व पोपची मध्यस्थी स्वीकारण्याचे कबूल केले.

येथपर्यंतची कथा चमत्कारासारखी वाटते. पुढची सहा वर्षे मात्र निव्वळ कंटाळ्याची आहेत, आणि तीच मला उपदेशास योग्य वाटतात. दोन्ही देशांची शिष्टमंडळे रोमला येत, नकाशे मांडीत, भांडत, परत जात. १९८० अखेर पोपने एक तोडगा सुचविला. चिलीने तो मानला, अर्जेंटिनाने उत्तर देणे लांबविले. १९८३ साली कार्डिनल सामोरे काम अपुरे टाकून वारले. त्याच वर्षी अर्जेंटिनातील लष्करी राजवट जाऊन लोकनियुक्त सरकार आले. त्याने १९८४ च्या नोव्हेंबरात जनतेचा कौल घेतला, तेव्हा दर दहांतील आठांहून अधिक मतदारांनी तडजोडीस होकार दिला. त्या महिन्याच्या २९ तारखेस व्हॅटिकनमध्ये तह झाला. पुतळ्याने जे झाले नाही ते सहा वर्षांच्या बैठकांनी झाले. मध्यस्थाचे वजन होते हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, दोघांपैकी कोणीही टेबलावरून उठून गेला नाही. नुसते लोंबकळत ठेवलेले भांडण हे लढाईपेक्षा पुष्कळ बरे, हे आमच्या दिवाणी कोर्टांचे वकीलदेखील कबूल करतील.

भारताचे धोरण असे की, पाकिस्तानशी बोलावयाचे ते परस्पर, तिसऱ्यास मध्ये घालावयाचे नाही. सिमला करारापासून ते चालत आले आहे. त्यास कारणे आहेत. तेव्हा बीगलचा कित्ता जसाच्या तसा गिरवा असे मी म्हणत नाही. सिंधु-करार स्थगित करणे योग्य की अयोग्य, हेही मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. आयुक्तांच्या त्या दोन खुर्च्या रिकाम्या पडल्या, याचे मात्र मला वाईट वाटते. अणुकेंद्रांच्या यादीची एक किल्ली अजून खिळ्यावर लटकते आहे. दुसरी एक किल्ली आहे ती कैद्यांची, आणि तिच्यासाठीच मी आपला इतका वेळ घेतला.

समुद्रावर वारणा नसते. गुजरातच्या सर क्रीक खाडीपाशी दोन देशांची सागरी हद्द अद्याप ठरलेली नाही. मासळीमागे गेलेली नौका रात्रीच्या अंधारात केव्हा रेषा ओलांडते ते तीवरच्या खलाशास कळतही नाही. पलीकडचे गस्ती जहाज येते, नौका जप्त होते, माणसे कराचीच्या तुरुंगात जातात. तिकडचे कोळी याच रीतीने इकडच्या तुरुंगांत येतात. आपणांस वाटेल, हा प्रश्न गुजरातचा. परंतु पोरबंदर, ओखा, वेरावळ येथील नौकांवर मजुरीने जाणारे कितीतरी खलाशी आपल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडचे आदिवासी आहेत. घरचा कर्ता पुरुष सात-आठ महिन्यांच्या कामास म्हणून जातो, आणि त्याच्या घरी पैसे नाहीत, पत्र नाही, तो जिवंत आहे की नाही हेही कोणी नीट सांगत नाही.

२००८ च्या एका करारान्वये दर १ जानेवारी व १ जुलै रोजी दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांची यादी देतात. १ जुलै २०२५ रोजी, म्हणजे तोफा थंडावून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ती दिली गेली. भारताच्या ताब्यात पाकिस्तानचे, अथवा पाकिस्तानचे समजले जाणारे, ३८२ नागरी कैदी व ८१ कोळी. पाकिस्तानच्या ताब्यात आमचे ५३ नागरी कैदी व १९३ कोळी. शिक्षा भोगून झालेल्या १५९ माणसांस सोडा, अशी मागणी भारताने त्याच दिवशी केली. शिक्षा भोगून झालेल्या, हे शब्द लक्षात घ्यावे. ही माणसे कोणत्याही न्यायाने तुरुंगात असावयास नकोत. ती तेथे आहेत, कारण दोन देश बोलत नाहीत.

अशा कैद्यांसाठी २००७ मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती नेमली गेली होती. ते एकमेकांच्या तुरुंगांस भेट देत, कैद्यांस समक्ष विचारीत, कोण आजारी, कोण वेडा झाला, कोणाची मुदत संपली याची टिपणे करीत. २०१३ च्या ऑक्टोबरनंतर ती समिती भेटलेली नाही. तिला काश्मीरचा प्रश्न सोडवावयाचा नव्हता. तिच्या भेटीने कोणाचा मान जात नव्हता, कोणाची भूमी जात नव्हती. आठ वृद्ध न्यायाधीशांनी तुरुंगाच्या ओसरीवर बसावे, नावे वाचावी, एवढेच तिचे काम होते. बोलणे कोठून सुरू करावे असे जर मला कोणी विचारील, तर मी त्या ओसरीकडे बोट दाखवीन.

याकरिता आपल्या लोकसभा-प्रतिनिधींस पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा तयार केला आहे. समिती पुन्हा भरवावी व मुदत संपलेल्या कोळ्यांची दोन्ही बाजूंनी सुटका व्हावी, एवढ्या दोनच विनंत्या त्यात आहेत. सुभेदारसाहेबांनी तो वाचून एक शब्द बदलावयास सांगितला, तो मी बदलला, आणि त्यांनी पहिली सही केली. कागद मंदिराच्या दक्षिण दारापाशी, पवित्र पाण्याच्या कुंडाशेजारी टेबलावर ठेवला आहे. शाईची डबीही तेथेच आहे, ज्यांस अंगठा द्यावयाचा असेल त्यांच्यासाठी. भोजनाची घंटा झालीच आहे. जाता जाता सही केली तरी चालेल.